नाव घातलेली ताटं

नत्थूजींना कुणाच्याही घरी खायला द्या, ते आधी ताटली पालथी करून बघणार. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोनं, सुभद्रेनं, चिवडा पुढे केला. त्यांनी तो सगळा ओंजळीत ओतून घेतला, ताटली उलटी केली आणि म्हणाले, "गिरिधरभाऊ, हे नाव म्या घातलं आहे. सुमंत कोन होय तुमचा?"

सुमंत माझा धाकटा भाऊ. त्याच्या मुंजीत आमच्या वडिलांनी त्या ताटल्या वाटल्या होत्या. इतवारीत भांड्यांच्या एका दुकानाबाहेर स्टुलावर बसून नत्थूजींनी चाळीस वर्षं हेच काम केलं. लग्न, मुंज, बारसं, हळदीकुंकू, काहीही असो, वाटायच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव हवंच. कुणी काय दिलं हे त्या काळात भांडंच सांगायचं. नत्थूजींचं अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र एकाही भांड्यावर नाव नाही. त्यांच्या बायको शोभाताई हे येईल त्याला ऐकवतात, "साऱ्या नागपूरची नावं घातली यायनं, माह्या एका गडव्यावर नाही." नत्थूजी यावर फक्त हसतात.

आता नाव घालून घ्यायला कुणी येत नाही. नत्थूजी मुलाकडे, दुर्गेशकडे, मनीषनगरात राहतात. दुर्गेश मिहानमध्ये नोकरीला. घर मोठं, नत्थूजींना काम शून्य. अशा माणसाला सकाळी फिरायला पाठवलं की तो काहीतरी शोधून काढतोच.

नत्थूजींनी आमच्या कॉलनीमागचा नाला शोधला. त्याच्या काठी समाजभवन आहे आणि लग्नसराईत रोज पंगती. जेवण झालं की प्लास्टिक चिकटवलेल्या कागदी ताटांचे ढीग मागल्या दारानं नाल्यात. गाई त्यात तोंड घालायच्या, आणि पावसाळ्यात नाला तुंबला की तेच सगळं आमच्या अंगणात यायचं. आम्ही दरवर्षी महापालिकेला शिव्या घालायचो आणि पुढच्या लग्नात तशाच ताटात जेवायचो. मीही जेवलो आहे, खोटं कशाला बोलू.

नत्थूजी शिव्या देत बसले नाहीत. ते घरोघर गेले आणि एकच प्रश्न विचारला, "माळ्यावर ताटं आहेत का, नाव घातलेली?"

नसतील कुठे? प्रत्येक घरात होती. नाव असतं म्हणून मोडीत घालवत नाही, आणि दुसऱ्याचं नाव असतं म्हणून रोज वापरवत नाही. लोकांनी हौसेनं काढून दिली. महिनाभरात दुर्गेशच्या घरातली एक खोली स्टीलच्या ताटांनी भरली. चारशेच्या वर ताटं.

द्यायला सगळे तयार, पण आपल्या कार्यात वापरायला कुणी नाही. धुणार कोण? पाणी किती लागेल? पाहुणे काय म्हणतील? नत्थूजींकडे उत्तर होतं. राखेनं घासायची, तीन टबांत विसळायची, ते पाणी भवनाच्या कडुलिंबांना. ऐकून माना डोलवायचे सगळे, ऑर्डर कागदी ताटांचीच जायची.

शेवटी दुर्गेश वैतागला. त्याला ती खोली हवी होती. माझ्यासमोरच म्हणाला, "बाबा, एक कार्य करून दाखवा. झालं नीट तर ठेवा. नाही तं दिवाळीच्या आधी सारं मोडीत देऊन टाकतो."

 तेवढ्यात माझी मुलगी भैरवी म्हणाली, "माझ्या साखरपुड्यात वापरू ना." मी घसा खाकरला, पण उशीर झाला होता. नत्थूजींचा चेहरा इतका उजळला की बापाची हिंमतच झाली नाही नाही म्हणायची.

मला खरी धास्ती व्याह्यांची. गणपतराव धरमपेठेतले, टापटिपीचे. त्यांना अडीचशे माणसांसमोर निरनिराळ्या मापांच्या, निरनिराळ्या नावांच्या ताटांत कसं वाढायचं?

साखरपुडा झाला, पंगत बसली. वडाभात, पाटवडीचा रस्सा, कढी. वाढपी बादल्या घेऊन उभे, आणि वाढून घ्यायला कुणी तयारच नाही. सगळी पंगत ताटं पालथी करून नावं वाचत होती. "अवं, हे तं आपल्या काकूचं!" "इकडे दे, माझ्या आत्याचं लग्न आहे याच्यावर." लोक आपसात ताटं बदलत होते, ओळखी निघत होत्या. गणपतरावांच्या हातात तर त्यांच्याच लग्नात वाटलेलं ताट आलं, पस्तीस वर्षांपूर्वीचं. त्यांनी ते बायकोला दाखवलं, मग भैरवीला, मग मला दोनदा. भात गार झाला तरी कुणाची तक्रार नाही. मी इतका खूश होतो की कढी तीनदा घेतली.

मग भांडी घासून झाली. नत्थूजींनी ताटं रचली, मोजली, पुन्हा मोजली. साठ कमी.

दुर्गेश हाताची घडी घालून उभा राहिला. "पायलं?" एवढंच म्हणाला. नत्थूजी पालथ्या घमेल्यावर बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे माझे होते. आणि त्याहून वाईट म्हणजे निघताना गणपतरावांच्या बगलेत शालीखाली काहीतरी गोल होतं, ते मी पाहिलं होतं. व्याह्यांना विचारायचं तरी कसं?

नत्थूजी उठले आणि रचलेली ताटं भराभर पालथी करून नावं वाचू लागले. मग हळूहळू नावं घेऊ लागले, जी त्यांना त्या ढिगात दिसत नव्हती ती. एकेक नाव घ्यायचे आणि मी म्हणायचो, हो, हे आले होते जेवायला. हे पण. यांची मुलगी आली होती. पंधरा-वीस नावांनंतर ते थांबले आणि चक्क हसायला लागले.

"चोरी नाही गा दुर्गेश. ज्यायचं नाव, त्यायनं नेलं. चाळीस वर्षं मीच तं शिकवून राहिलो लोकायले, नाव ज्याचं भांडं त्याचं."

दुर्गेशला हसू आलं नाही. "मंग परत कशी येतील?"

 नत्थूजी उरलेली ताटं पोत्यांत भरू लागले. मीही वाकून भरू लागलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडी थांबली. गणपतराव. हातात ते ताट, स्वच्छ पुसलेलं, आणि मागून ड्रायव्हरच्या हातात आणखी चाळीस. "आमच्या आईला एकदा दाखवायचं होतं," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "ती म्हणाली, एकटं कसं पाठवतोस? मग माळा रिकामा केला. लग्नात सहाशे पानं आहेत, पुरतील ना?"

त्या आठवड्यात फोनांवर फोन केले मी. बाकीची ताटंही आली, आणि बहुतेक एकेकटी आली नाहीत. नत्थूजींनी पेटीतलं नाव घालायचं मशीन काढलं, तेल घातलं, आणि प्रत्येक ताटावर जुन्या नावाखाली एक नवी ओळ घातली: 'जेवून परत द्या'. मशीनची घुरघुर चार घरं ऐकू यायची. शोभाताई म्हणाल्या, घर पुन्हा इतवारीसारखं वाटून राहिलं. दुर्गेशनं खोलीला भिंतभर फळ्या ठोकल्या. मोडीचा विषय निघालाच नाही.

भैरवीच्या लग्नात सहाशे माणसं जेवली आणि नाल्यात एकही ताट गेलं नाही. शेवटच्या पंगतीला नत्थूजी आणि शोभाताई बसले. दुर्गेशनं स्वतः ताटं मांडली. नत्थूजींनी सवयीप्रमाणे आपलं पालथं केलं आणि तसेच थांबले. त्यावर वेडीवाकडी, एकमेकांवर चढलेली अक्षरं होती: 'नत्थूजी व शोभाताई'. आणि खाली, तितकीच वाकडी, 'जेवून परत द्या'.

दुर्गेश वाढायची बादली घेऊन उगाच दुसरीकडे बघत होता.

"कायचं अक्षर आहे हे," नत्थूजी म्हणाले.  शोभाताईंनी ते ताट त्यांच्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं आणि मग दोघंही त्या एकाच ताटात जेवले.

त्या रात्री ताटं मोजली तेव्हा एक कमी होतं. आता वर्ष होत आलं, अजून परत आलेलं नाही. आणि मागायची कुणाची छाती नाही.