पेनं खाली ठेवा

मी कॅमेऱ्याची बॅग घेऊन अंगणात पोचलो, तेव्हा आडेकाका बादलीपुढे बसून पेनांना आंघोळ घालत होते. बादलीतल्या पाण्याला आता कुठल्याच एका शाईचा रंग राहिला नव्हता. शेजारी टॉवेलवर धुतलेली पेनं वाळत होती, सगळी आरपार, स्वच्छ. काकांचा चेहरा मात्र पोरीची बिदाई आटोपल्यासारखा झाला होता.

"गजूभाऊ, पुण्याच्या बाईनं पक्कं खालीच म्हटलं ना?"

मी मोबाईल काढून मेसेज पुन्हा वाचून दाखवला. 'फोटो काढताना सगळी पेनं खाली ठेवा. आतला भाग स्पष्ट दिसला पाहिजे.'

"मंग करा लागते बाप्पा," काका म्हणाले आणि त्यांनी पुढचं पेन उघडलं.

माझा उमरखेडला फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, जावळं, पासपोर्ट साइज. आडेकाका एसटीचे रिटायर्ड वाहतूक नियंत्रक, म्हणजे स्टँडवर खिडकीत बसून कोणती गाडी कधी आली, कधी सुटली हे लिहिणारा माणूस. ऐन गर्दीत पेन बंद पडायचं. वैतागून त्यांनी एक पारदर्शक फाउंटन पेन घेतलं, त्यात शाई किती उरली ते बाहेरूनच कळतं. "शाई संपाच्या आंधी दिसते, माणसाचं तसं नसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे त्यांना अशा पेनांची चटकच लागली. जाणकार याला डेमॉन्स्ट्रेटर म्हणतात. शाई कशी ओढली जाते, निबेखालची जीभ तिला कशी पुढे नेते, हे गिऱ्हाइकाला दाखवायला दुकानदार पूर्वी असं पेन ठेवत असत.

काकांच्या प्रत्येक पेनात वेगळी शाई असायची. एकात जांभळी, एकात शेंदरी, एकात मोरपंखी. यातल्या बऱ्याच शाया त्यांनी परगावच्या शौकिनांकडून कुरियरनं मागवलेल्या. तांड्यावरचे, म्हणजे त्यांच्या बंजारा वस्तीतले लोक हसत. रिटायर माणसाचे रिकामे धंदे, दुसरं काय! अशात पुण्याच्या एका प्रकाशनाला फाउंटन पेनांवरच्या पुस्तकासाठी काकांचा पत्ता लागला. संपादक मुग्धाताईंनी एक अख्खं पान देऊ केलं. काकांच्या पेनांबद्दल परक्या माणसानं आपण होऊन विचारण्याची ही पहिलीच वेळ. फोटो फक्त पेनांचे निघणार होते, तरी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मला ते पाहून फार बरं वाटलं, आणि जरा धाकधूकही झाली.

शेवटचं पेन राहिलं होतं, ते याडीचं. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. काकांच्या आईला सगळा तांडा याडीच म्हणतो. म्हातारपणी प्रौढ साक्षरता वर्गात बसून ती सही शिकली, तेव्हा काकांनी तिला एक साधं प्लॅस्टिकचं पारदर्शक पेन दिलं. ड्रॉपरनं शाई भरायचं, बाजारात सहज मिळतं तसलं. याडीनं त्यात हिरवी शाई मागितली. साहेब लोक हिरव्या शाईनं सही करतात, हे तिनं पाहून ठेवलं होतं. बँकेतला साहेब एकदा तिला म्हणाला, "आजी, हिरवी शाई आमची असते." याडी म्हणाली, "मंग तू बी कर, मी बी करतो!"

काकांनी हात पुढे केला. "याडी, तुवं पेन दे. खाली कराचं हाये."

"कायले?"

"फोटोसाठी."

"तुह्या फोटोसाठी माही शाई सांडू? माहा अंगठा वापस लावाले सांगशील उद्या!" आणि पेन ओच्यात खोचून ती आत गेली. काका माझ्याकडे वळले. मी म्हटलं, राहू द्या, एका पेनानं काय होतं.

आता माझ्या कामाबद्दल. पारदर्शक वस्तूवर समोरून उजेड टाकला की नुसती चमक येते, वस्तू दिसत नाही. म्हणून उजेड मागून द्यायचा. मी खिडकीला काकांचं पांढरं धोतर ताणून बांधलं. दोन्ही बाजूंना काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावल्या. त्या काळ्याचं प्रतिबिंब पेनाच्या कडांवर पडतं आणि पेनाला आकार येतो. पेनं उभी राहावीत म्हणून मागून कणकेचे छोटे गोळे लावले. खूप खटाटोप होता. पण स्क्रीनवर फोटो पाहिले तेव्हा मीच माझ्यावर खूश झालो. कडा अशा रेखीव, की बस! फोटो लगेच पुण्याला पाठवले.

चहा कपात ओतेपर्यंत मुग्धाताईंचा फोन आला. मी स्पीकर लावला. काका पुढे सरकून बसले.

"गजाननराव, फोटो शार्प आहेत. पण हे काय काढलंय तुम्ही? लॅबमधल्या नळ्या दिसतायत. शाई कुठाय?"

"तुम्हीच म्हटलं होतं ना मॅडम, खाली ठेवा."

"हो, मग? खाली कुठे ठेवलीत? सगळी उभी आहेत!"

"उभी आहेत, पण खालीच आहेत."

"अहो, उभी असतील तर खाली कशी असतील?"

"एकदम खाली आहेत मॅडम. एक थेंब नाही आतमधी. काकांनी धुऊन काढली."

मुग्धाताई हळूच म्हणाल्या, "खाली म्हणजे टेबलावर हो. आडवी. आतली शाई दिसावी म्हणून."

आमच्याकडे खाली म्हणजे रिकामं. डबा खाली, खुर्ची खाली. जन्मभर काकांनी 'गाडी खाली आली' असं म्हटलं, ते प्रवासी नाहीत म्हणून. जमिनीकडे असतं ते आमच्यासाठी खालतं. बाईंनी 'खालतं ठेवा' लिहिलं असतं, तर पेनं आडवी झाली असती आणि शाईही वाचली असती. पण पुण्याच्या माणसाला हे कोण सांगणार?

"पानं आज संध्याकाळी प्रेसला जातायत," मुग्धाताई म्हणाल्या. "तोवर शाई भरून जमलं तर पाहा. नाहीतर नाइलाजानं ते पान मला दुसऱ्या संग्रहाला द्यावं लागेल. वाईट वाटतंय मला."

फोन बंद झाला. बादलीतलं पाणी काकांनी कधीच नालीत ओतलं होतं, बाटल्यांमध्ये तळाचा गाळ तेवढा उरलेला. मी निळी शाई आणायला निघालो, तर काकांनी मला हातानंच थांबवलं.

"निळी तं सगळ्याच दुनियेत हाये, गजूभाऊ. निळ्यासाठी माह्याकडे कोण येते? जाऊ द्या. आपली गाडी लागलीच नाही म्हनाचं." असं म्हणून ते पेनं पेटीत भरायला लागले. इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस मला बघवेना. मेसेज मीच वाचून दाखवला होता ना!

तेवढ्यात याडी बाहेर आली. आवाज बंद झाले की काहीतरी बिघडलंय, हे तिला बरोबर कळतं.

"झाले फोटो? माह्या पेनाचा काहून नाही काढला?"

काका पेटी भरत राहिले. मी मात्र उठलोच. "याडी, तुमचं पेन भरलेलं आहे?"

"खाली कायले ठेवू?"

मी पेटीतली पेनं परत बाहेर काढली. खिडकीपुढे काच आडवी मांडली, तिच्यावर पेनं ठेवली. आडवी. खाली, दोन्ही अर्थांनी. मध्ये जागा सोडली आणि याडीला म्हटलं, पेन इथं ठेवा. तिनं ठेवलं, पण वरचं बोट उचलेना.

"याडी, बोट काढा."

"मी पेन सोडत नसतो. या पोराचा भरवसा नाही, धुऊन टाकीन."

मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. मागचा उजेड हिरव्या शाईतून आला होता आणि आजूबाजूच्या रिकाम्या पेनांनी तो वाटून घेतला होता. प्रत्येकाच्या कडेला हिरवी रेघ. मघाच्या नळ्या आता पेनं दिसत होती. आणि मध्ये याडीचं गोंदलेलं बोट. काकांना जवळ बोलावून स्क्रीन दाखवली. ते वाकून पाहत म्हणाले, "याडी, बोट हलवू नोको."

फोटो पाठवला, तसा मुग्धाताईंचा फोन लगेच आला. मी आधीच सांगून टाकलं की फोटोतून बोट कापता येईल.

"बोट कापलंत तर बघा! हे आतल्या पानावर नाही जाणार. हे कव्हरवर घेतेय मी."

काकांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि दोष नालीतल्या शाईच्या वासाला दिला.

पुस्तक आलं तेव्हा काकांनी मला तांड्यावर बोलावलं. आत त्यांचं नाव, पानभर मजकूर. आधी हसणारे शेजारी आता पुस्तक हातात घेण्यासाठी हात धुऊन आले होते. काकांनी कव्हर याडीपुढे धरलं. तिनं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब केलं, परत जवळ आणलं.

"बरं हाये," ती म्हणाली. "पन माहं पेन अर्धं खाली दिसून राह्यलं. भरून घेतलं असतं मी, कोनी सांगतलं असतं तं."

तेव्हापासून बाहेरगावचं काम आलं की मी कॅमेरा काढण्याआधी एकच विचारतो: खाली म्हणजे तुमचं की आमचं?