पूजेला बसलेला शिक्का

सरकारनं आमच्या किराणा दुकानात डाकघर आणलं आणि आमच्या आईनं ते देवघरात नेलं. त्यानंतर जे झालं त्यात माझा वाटा फक्त अकलेचा होता.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमचं गाव सौसरहून बसनं अर्ध्या तासावर. डाकघराच्या जुन्या खोलीचं छप्पर खाली बसलं, तेव्हा हुकूम आला की डाकेचं काम बाजाररस्त्यावरच्या एखाद्या दुकानात हलवावं. दावेदार दोनच होते: बाबूजींचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान आणि समोरची मारोतरावांची पिठाची चक्की. चक्कीत पत्रांवर पीठ बसेल म्हणून तूर्त आमची निवड झाली. हा 'तूर्त' हुकुमातला. निरीक्षकसाहेब येऊन बघतील, पसंत पडलं तर कायम करतील.

बाबूजींनी गल्ल्यासमोर मधोमध सुतळी बांधली. डावीकडे किराणा, उजवीकडे भारत सरकार. डावीकडे ते उघड्या डोक्यानं बसत; उजवीकडे सरकताना टोपी घालत. मीठ आणि पोस्टकार्ड दोन्ही हवं असलेल्या माणसाला दोनदा रामराम करावा लागे. मिठाच्या वेळी त्याच्या बैलाचीसुद्धा चौकशी होई. कार्डाच्या वेळी 'रांगेत या' एवढंच उत्तर मिळे. (रांगेत तो एकटाच असे.)

मी नागपूरहून बी.ए. करून घरी बसलो होतो आणि देवधर्म, सरकार व बाबूजींची टोपी या तिन्हींकडे सारख्याच तुच्छतेनं पाहत होतो.

साहेब कधी येणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे बाबूजींचं बूड जागेवर टिकेना. बसचा भोंगा वाजला की ते टोपी घालून उभे राहत. बस गेली की बसत. मग संत्र्यांचा ट्रक वाजे, पुन्हा उभे. जेवताना त्यांचं तोंड रस्त्याकडे असे. भाजी समजून त्यांनी एकदा तोंडी लावायचं लोणचं वाटीभर संपवलं. समोर मारोतराव चक्कीच्या दारात बसून त्यांच्याकडे बघत आणि गालातल्या गालात हसत. त्यांनीही चक्कीला नवा रंग दिला होता. सहज म्हणून.

साहेब आले ते नेमके खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं ती हत्यारं-अवजारं पुजतात, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. साहेबांना बाकावर बसवून बाबूजी पत्रांवर मारायचा तारखेचा शिक्का शोधू लागले. गल्ला, कपाट, गुळाच्या भेलीमागे, सगळीकडे शोधलं. मग घामाघूम होऊन आत आले.

"शिक्का कुठी हाय?"

"पूजेत," आई म्हणाली.

"पूजेत कायले?"

"तराजू पुजला, मापं पुजली, विळा पुजला. मंग शिक्क्यानंच काय पाप केलं? त्याच्याच भरवशावर तर ऐटीत चालून राहिले न तुमी."

देवघरात पाटावर सगळी मंडळी मांडली होती. शिक्क्याचं तोंड कुठलं, यावर आईनं विचार केलेला दिसत होता. अक्षरं असतात तेच तोंड. म्हणून तिनं त्याची मूठ तांदळाच्या ढिगात रोवून त्याला डोक्यावर उभं केलं होतं आणि वर आलेल्या तोंडाला सढळ हातानं ओलं हळद-कुंकू लावलं होतं.

बाबूजींनी हात जोडले. शिक्क्याला की आईला, ते कळलं नाही. बाहेर साहेब घड्याळ बघत होते. पुढच्या गावाहून परतणारी बस डाकेची थैली सौसरला नेत असे, आणि थैली आपल्यासमोर भरून, लाख लावून बसमध्ये चढलेली त्यांना बघायची होती. आई शिक्का उचलू देईना. मागच्या एका खंडेनवमीला कोणी पूजेतली कुऱ्हाड उचलली आणि त्याच्या पायाचं काय झालं, ते तिनं सांगायला घेतलं.

इथं माझं शिक्षण पुढं आलं.

"शिक्का हलवायचा नाही ना? मग आपण पत्रं हलवू," मी म्हणालो.

आईला यात काही गैर दिसलं नाही. बाबूजी माझ्याकडे असे बघू लागले, जसे ते आजवर फक्त साहेबांची वाट बघत. मी पत्रांचा गठ्ठा घेऊन पाटासमोर मांडी घातली. बाबूजींनी शाईची गादी उलटी करून शिक्क्यावर टेकवायला नेली, तसा आईनं त्यांचा हात धरला.

"पूजेतल्या वस्तूच्या तोंडाले काळं फासून राहिले तुमी?"

गादी मागं गेली. भोंगा जवळ आला. मी शाईशिवायच एकेक पत्र शिक्क्याच्या तोंडावर दाबत सुटलो. साहेब जोडे काढून आत आले तेव्हा प्रत्येक पत्रावर गोल, पिवळं-लाल हळद-कुंकू उठलेलं होतं. तारीख म्हणाल तर सौभाग्यवती होऊन झाकली गेली होती.

"ये क्या हो रहा है?" साहेबांनी विचारलं.

"पूजा," आई म्हणाली, आणि त्यांच्या कपाळावरही बोट टेकवून हातावर प्रसाद ठेवला. खोबऱ्यानं तोंड भरलेला अधिकारी फार बोलू शकत नाही. थैली बंद झाली, बस गेली.

बस वळणाआड गेल्यावर मला आठवलं की गठ्ठ्यात एक कोपरा फाडलेलं कार्ड होतं. कोपरा फाडतात ते कोणी गेल्याची बातमी असली तर. आमच्या गल्लीतल्या नव्वदीच्या आजोबांची ती बातमी होती, पांढुर्ण्याच्या त्यांच्या मुलीला. तिच्या घरचा वाचणारा माणूस तिगावला गेलेला. पण हळद-कुंकू वाचायला कोणी लागत नाही. कोपरा उंदरानं खाल्ला असेल, असं त्यांनी ठरवलं. आजोबांचा नातू लग्नाचा होताच, म्हणजे हे लग्नाचं बोलावणंच. तीन पिढ्या नवे कपडे घालून, आहेर घेऊन, हसतखेळत बसमधून उतरल्या आणि थेट सुतकात शिरल्या. म्हाताऱ्याच्या लेकीनं दारातच बसकण मारली. ती रडत होती, पण मधूनमधून आमच्या दुकानाकडे बोट दाखवून.

ही फजिती सौसरला पोचायला डाकेची गरज पडली नाही. डाकघर चक्कीत गेलं. मारोतराव सामान न्यायला आले तेव्हा बाबूजींनी स्वतः सुतळी सोडली, गुंडाळी केली आणि ती मात्र दिली नाही. त्यानंतर भोंगा वाजला तरी ते उठत नसत. त्यांना तसं बसलेलं मला बघवत नसे.

पहिल्याच आठवड्यात मला नोकरीचा अर्ज टाकायला चक्कीत जावं लागलं. मारोतरावांनी पीठ झटकून पाकीट उलटसुलट पाहिलं.

"काहो बी.ए.साहेब, कुंकू आमी लावाचं का घरूनच लावून आनलं?"

मी हसण्यावारी नेणार होतो. पण निघताना आईनं पाकिटाच्या कोपऱ्यांना कुंकवाचं बोट टेकवलं होतं, आणि देवधर्माला तुच्छ मानणाऱ्या मी ते वाटेत पुसलं नव्हतं. नोकरीचा प्रश्न होता.