दिवेआगरची सहल आणि ओवीचं ओलं दुपटं

मुलांच्या वॉर्डात नर्स असलं की सुट्टी मागून मिळत नाही, कधीतरी अचानक पदरात पडते. तशी पडली आणि मी नि माझा नवरा सचिन, दोघांनी त्याच संध्याकाळी बॅगा भरल्या. पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, दिवेआगर. म्हसळ्यानंतर वळणं अरुंद आहेत, उजेड असतानाच पोहोचा.

मुक्काम सुपारीच्या वाडीतल्या एका घरी. घर चालवतात सुमनकाकू, मदतीला सून प्रणाली. जेवायला सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा प्रणालीच्या कडेवर तिची दहा महिन्यांची ओवी किरकिरत होती.

"दात येतायत," काकू म्हणाल्या.

सकाळी दिघीला जाऊन फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरायचं आणि जंजिरा बघायचा, असा बेत होता. बाहेर आलो तर ओसरीवर प्रणाली रडवेली होऊन बसलेली. ओवीला रात्रभर जुलाब आणि उलट्या.

"पाणी दिलं की ओकते, म्हणून पहाटेपासून पाणी बंद केलंय," काकू म्हणाल्या. "बघा ना, टाळूपण खाली गेलीय."

टाळूचं त्यांनी बरोबर हेरलं होतं. मी हात धुतले, ओवीला मांडीवर घेतलं. डोळे खोल गेलेले. रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश मागे गेली. शीमध्ये रक्त नव्हतं, अंगात ताप नव्हता. वाटी पुढे केली तशी तिनं झडप घातली. तहान लागत होती, शुद्ध चांगली होती, म्हणजे अजून वेळ गेलेली नव्हती.

"शेवटची लघवी कधी केली?"

प्रणालीनं आठवून बघितलं. "काल रात्री, झोपायच्या आधी."

"काकू, पाणी बंद नका करू. अंगातलं पाणी चाललंय, ते भरून काढायला हवं."

"आणि परत ओकली तर?"

"थोडं थांबू, मग आणखी हळू देऊ. तरीही पोटात राहिलं नाही किंवा ती मलूल पडली, तर गाडी दारात आहे. लगेच श्रीवर्धनला नेऊ."

काकूंनी ओवीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "व्हय. कर काय ते."

मी सचिनला ओआरएस आणायला पाठवलं, तर तो दुकानातून संत्र्याच्या चवीचं तयार पेय घेऊन आला. ते नुसतं गोड सरबत, मी त्याला परत पिटाळलं. लहान मूल घेऊन फिरायला निघणाऱ्यांनो, ओआरएसची साधी पुडी बॅगेत ठेवाच. पुडीवर लिहिलंय तेवढ्या उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खी पुडी घालायची, अर्धीमुर्धी नाही.

सचिननं पुडी आणल्यावर आम्ही ते पाणी एकेक चमचा पाजू लागलो. थोड्या वेळानं ओवीनं सगळं ओकून टाकलं, थेट माझ्या कुर्त्यावर. प्रणाली रडायला लागली. काकूंनी माझ्याकडे बघितलं. वॉर्डातला चेहरा ठेवून मी म्हटलं, "थांबू. मग परत."

जरा थांबून पुन्हा चमचा, मध्ये आईचं दूध, पुन्हा चमचा. माझा हात भरून आला तेव्हा काकूंनी ओवीला मांडीवर आणि वाटी हातात घेतली. सचिन ओसरीच्या कठड्यावर बसून माश्या वारत होता. या वेळी पोटात राहिलं. ऊन अंगणात आलं आणि ओवी पहिल्यांदा प्रणालीच्या बांगड्यांशी खेळायला लागली.

आणि मग काकू एकदम ओरडल्या, "मुतली गो, मुतली!"

दुपटं चिंब, काकूंची मांडी चिंब. आम्ही तिघी अशा हसत सुटलो की सचिन दचकून उठला. त्याला समजलं तेव्हा त्यानं चक्क टाळ्या वाजवल्या.

दुपारी तरीही श्रीवर्धनला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून जुलाबासाठी झिंकचं औषध लिहून दिलं आणि म्हणाले, "सलाईनची गरज नाही. हेच चालू ठेवा." गाडीत काकू येईल त्या फोनवर हेच वाक्य सांगत होत्या.

तिसऱ्या दिवशी ओवीनं मऊ भात खाल्ला आणि आम्ही निघालो. दिघीच्या फेरीत गाडी चढवली. सुट्टे पैसे जवळ ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी लवकर या, गाड्यांची रांग लागते. जंजिरा लांबूनच बघितला. फेरीच्या वरच्या मजल्यावर वाऱ्यात उभं राहून मी मोठमोठ्यानं गाणी म्हटली.

आता पुण्यात परत ड्युटी सुरू झालीय. वॉर्डात मूल सुधारतं तेव्हा बऱ्याचदा माझी पाळी संपलेली असते. आल्यावर बघते तर खाट रिकामी, नाहीतर नवीन मूल. दिवेआगरला मात्र खोल गेलेले डोळे पुन्हा हसताना मी सलग, बसल्या जागी बघितले. आई, आजी आणि मी, एका वाटी-चमच्यानं. आम्ही जिंकलो.