नैवेद्याआधीचा शिरा

माझी वहिनी चोरून गोड खायची, असं आमच्या घरात आजही सांगतात. ते खोटं आहे. खरं काय ते ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय, म्हणून लिहितो.

सत्तर सालच्या आसपास आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहायचो. दादा, वहिनी आणि मी. चाळिशी गाठायच्या आतच मला साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली. मी भात सोडला, कारल्याचा रस धरला, रोज टेकडीपर्यंत चालू लागलो आणि साखर आटोक्यात आली. कॉलनीत साखरेचे आणखीही चारपाच जण होते. तेव्हा तपासणी घरीच करायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर सुटलो, हिरवं-पिवळं झालं तर जपायचं, विटकरी झालं तर वाट लागली. सकाळी नळावर भेटलो की आमचा पहिला प्रश्न हाच, "काय रे, आज कुठला रंग?"

माझा बहुतेक निळा. त्यामुळे काय खावं आणि काय सोडावं हे लोक मला विचारू लागले. जांभळाच्या बियांची पूड किती घ्यावी, बटाटा चालतो का, सगळ्याला माझ्याकडे उत्तर होतं. डॉक्टरांकडे रांग असायची, माझ्याकडे नव्हती.

वहिनीचा आजार जुना. तिला इन्सुलिन लागायचं. बाटली समोरच्या काकूंच्या फ्रिजमध्ये असायची, कारण आमच्या मजल्यावर फ्रिज तेवढा एकच. दादाचा हात थरथरायचा, म्हणून काचेची सिरिंज उकळून रोज सकाळी सुई मीच द्यायचो. सुई झाली की वहिनी वाटीभर पेज प्यायची, वर लोणच्याची फोड. मालवणकडची बाई ती. पेजेशिवाय तिची सकाळ उजाडायची नाही.

तिच्या नळीत एकदा विटकरी रंग आला. मी म्हटलं, "वहिनी, आजपासून पेज बंद. दुपारचा भातही बंद. अर्धी ज्वारीची भाकरी आणि कारल्याचा रस."

"भावजी, भात नाय तर जेवलंय असा वाटणाच नाय."

"सवय होईल. मला झाली ना?"

"तुमका गोळी, माका सुई. दोघांका एकच पथ्य कसा?"

तिने हे विचारलं होतं. मी हसलो आणि म्हटलं, "साखर ती साखर."

आठवड्याभरात तिची नळी निळी दिसायला लागली. मी ती नळावर नेऊन चारचौघांना दाखवली. मात्र त्याच दिवसांत दुपार व्हायच्या आधी वहिनीला घाम फुटायचा, ती विनाकारण दादावर चिडायची, हातातली भांडी पडायची. भात सुटल्याची चिडचिड, असं मी ठरवून टाकलं.

मग समोरच्या काकूंकडे सत्यनारायण आला. मजल्यावरच्या सगळ्यांना आमंत्रण. सकाळी मी नेहमीसारखी सुई दिली आणि म्हटलं, "आज तिकडे प्रसाद होणारच, भाकरीही नको." पूजा लांबली. भटजींनी नैवेद्य मागितला तेव्हा काकूंनी वहिनीला शिऱ्याचं पातेलं आणायला स्वयंपाकघरात पाठवलं. बराच वेळ ती येईना, म्हणून काकू आत गेल्या आणि त्यांचा आवाज बाहेरपर्यंत आला, "अगं, काय केलंस हे! देवाला दाखवायचा होता ना तो!"

आम्ही आत गेलो. वहिनी जमिनीवर बसली होती. पदर घामाने भिजलेला, हात मनगटापर्यंत शिऱ्याने माखलेला, आणि ती घास कोंबत होती. आमच्याकडे बघत होती, पण ओळखत नव्हती.

कुणीतरी म्हणालं, "एवढी काय हाव!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण पथ्याचा जाणकार मी. मी म्हणालो, "सांगून सांगून थकलो. जिभेवर ताबाच नाही हिचा."

नवा शिरा होईपर्यंत पूजा थांबली. वहिनी थोड्या वेळाने भानावर आली, हात धुऊन घरी गेली.

संध्याकाळी मी स्टेशनजवळच्या आमच्या डॉक्टरांकडे गेलो. खरं तर तिची तक्रार करायला. त्यांनी ऐकून घेतलं.

"भात कोणी बंद केला?"

"मी."

"आणि सुई कमी कोणी केली?"

"कोणीच नाही. ती तेवढीच आहे."

"अहो, इन्सुलिन आत गेलं की ते साखर उतरवणारच. पोटात काही नसेल तर आधी घाम फुटतो, चिडचिड होते, भान जातं, मग माणूस बेशुद्ध पडतो. तो शिरा तिने खाल्ला म्हणून तुम्ही आज माझ्यासमोर बसलायत. नाहीतर तिला पोचवायला स्मशानात असता. तुमची गोळी वेगळी, तिची सुई वेगळी. आणि यापुढे सल्ले मी देतो."

दुसऱ्या दिवशी सुईनंतर मी पेज वहिनीच्या पुढ्यात ठेवली. म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुमची चूक होती मां, भावजी?"

"हो."

"मगे तां सगळ्यांका सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. नळावर लोक पुन्हा विचारू लागले आणि मी पुन्हा सांगू लागलो. फक्त सुईवाल्यांना डॉक्टरांकडे पाठवू लागलो. कारण मात्र सांगितलं नाही. कॉलनीत कुठेही पूजा असली की बायका "शिरा सांभाळा गं" म्हणून हसायच्या. वहिनीही हसायची. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, नातवंडं खेळवली. पण तिचं नाव निघालं की त्या नातवंडांनाही आधी शिराच आठवतो. परवा तिच्या नातीला साखर निघाली, तिलाही इन्सुलिन सुरू झालं, तेव्हा घरातलाच एकजण तिला म्हणाला, "आजीसारखी शिऱ्यावर तुटून पडू नकोस हां."

म्हणून त्या मुलीसाठी लिहितो. तुझी आजी हावरट नव्हती. देवाआधी तिने शिरा खाल्ला, कारण मी तिला उपाशी ठेवून सुई दिली होती. तुला असा घाम फुटला, हात थरथरले, तर कुणाचं तोंड बघत बसू नकोस. नैवेद्याचा असला तरी खा.

आणखी एक राहिलं. त्या दिवसानंतर वहिनीने कॉलनीतल्या पूजेत प्रसाद कधी तोंडात टाकला नाही. कागदात बांधून घरी आणायची आणि माझ्यापुढे धरायची.

"तुमी खावा, भावजी. तुमची जीभ ताब्यात आसा."

मी खायचो. दुसऱ्या दिवशी माझी नळी हिरवी व्हायची, आणि नळावर मी निळी सांगायचो.