अर्ध्याने भागताना

अपूर्णांकाने भागताना तो उलटा करून का गुणायचा, हे मला ठाऊक नव्हते. ही गोष्ट लपवून मी अठ्ठावीस वर्षे गणित शिकवले. सहावीतल्या सुनंदाने एकदा विचारले होते, "सर, तीनला अर्ध्याने भागून सहा कसे? भागल्यावर कमी व्हायला नको?"

"उलटा कर, गुण आणि पाठ कर!" असे म्हणून मी तिला वर्गाबाहेर उभे केले. पुढे तिने कधीच काही विचारले नाही.

आज तीच सुनंदा आमच्याकडे तीन किलो लोणचे घेऊन आली. अर्ध्या किलोच्या बरण्या पाहून पत्नीला सहज म्हणाली, "काकू, सहा लागतील."

एकेक बरणी भरत गेली आणि मी स्वतःवरच वैतागत गेलो. तीनमध्ये अर्धे किती वेळा मावते, एवढेच तर होते ते! स्वयंपाकाच्या ओट्यावर दिसणारी गोष्ट सोडून मी इतक्या मुलांकडून नुसता मंत्र घोकून घेतला.

"सर, असं काय बघताय? मीठ जास्त पडलंय का?"

"नाही गं. सुनंदा, तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर मला येत नव्हतं, आणि बाहेर उभं केलं तुला. माझं चुकलं."