काळ्या रानातली पिवळी रेघ

१९८४ साली मी चाळीस वर्षांचा होतो. त्या चैतात माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, मला दिवसभर रानातून पायी हिंडवलं. मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला, "मामा, माय गेली…" तेव्हा डोळ्यांपुढं तिचं तोंड आलं नाही, तो दिवस आला. मी दुसरी शिकलेला माणूस. तिसरीच्या मास्तरशी पटलं नाही, शाळा सोडली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. जमेल तसं लिहितो.

वालूरच्या बाजूला आमचं रान. त्या शिवारात कधीकाळी मोठी लढाई झाली म्हणतात. राजे कोण, जिंकलं कोण, कुणालाच ठाऊक नाही. उरलेत ते वीराचे दगड… घोड्यावर माणूस, हातात तलवार, वर चांद-सूर्य. आमच्या रानात असे दोन. त्या दगडांना धरून रानाच्या आरपार गेलेला दहाबारा हात रुंदीचा पट्टा वडलांनी कधी नांगरला नाही. पट्टा आला की बैल सोडायचे, पायातलं काढायचे, नांगर खांद्यावर घ्यायचे आणि पलीकडं जाऊन पुन्हा जुंपायचे. वडील गेले. पुढं कालवा येणार अशी बोलवा उठली आणि मी ठरवलं, पट्टा मोडायचा, ऊस लावायचा. रान माझं, नांगर माझा.

आक्का तेव्हा माहेरी आली होती. सकाळी मी बैल बाहेर काढले तशी म्हणाली, "मारत्या, आज नांगर ऱ्हाऊ दे. मला सासरी घालवायला चल."

"एस्टी हाय की."

"पायी जायचंय. का चाळिशीतच गुडघे गेले तुझे?"

असं बोलल्यावर मी घरी थांबणारा नव्हे.

ती वाटेनं गेलीच नाही. चपला हातात घेऊन पट्ट्यावरनं चालली. वाळल्या गवताची कुसळं पायात रुतत होती, पण ती अनवाणी म्हणून मीही अनवाणी. बांधापाशी मात्र मी थांबलो. पलीकडं सोपानचं रान, तो बौद्धवाड्यातला. नामांतराच्या धामधुमीपासून आमचं बोलणं बंद होतं. बांध एक, तोंडं दोन दिशांना. आक्का सरळ आत शिरली.

सोपान बाभळीखाली बसला होता. "मारोतराव, वाट चुकली का?"

"चुकली व्हती, म्हनून तर धरून आनलंय," आक्का म्हणाली.

त्याच्या रानातही वीराचा दगड होता आणि आमच्या पट्ट्याला सांधून तसाच पट्टा होता. जन्म त्या बांधाला गेला, पण मी तिकडं नीट बघितलंच नव्हतं. आक्कानं त्याला विचारलं, "तू कामून सोडलास रं येवढं रान?"

"बापानं सोडलं व्हतं." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमच्या बापानं कामून सोडलं?"

त्याच्या बायकोनं पाणी आणलं. आक्का प्याली आणि तांब्या माझ्यापुढं केला. "पी. व्हट वाळलेत तुझे." प्यालो.

पुढं दिवसभर तेच. मराठ्याचं रान आलं, धनगराचं आलं, मुसलमानाचं आलं. एकाचा तर सगळा मिळून दोन एकराचा तुकडा. ज्यानं त्यानं आपापल्या बापाचं बघून पट्टा सोडलेला. कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला विचारलं नव्हतं… दिवस कलला तेव्हा आम्ही टेकडी चढलो. पलीकडं तिचं सासर. "आता मागं वळ," ती म्हणाली.

मी वळलो. नांगरून काळंभोर झालेलं सगळं शिवार खाली पसरलं होतं आणि त्यातून वाळल्या गवताची एक पिवळी रेघ आमच्या रानापासून थेट दुधना नदीच्या काठापर्यंत गेली होती. एका दोरीत ओढल्यासारखी. त्या रेघेवर लढाईत माणसं पडली होती, शेकडो, आणि जे त्यांचे कुणीच लागत नव्हते त्यांनी पिढ्यान् पिढ्या त्यांच्या अंगावर नांगर घातला नव्हता. मी जन्मात कुणापुढं सहजी वाकलो नाही. तिथं मात्र आपसूक टोपी काढली.

"लगीन झाल्यावर सासरी जाताना इथं थांबून रडायचे," आक्का म्हणाली. "ती रेघ जिथं सरती ना, ते आपलं रान. तसंच वळखायचे. तू पट्टा मोडलास तर माहेर कुठं बघू रं मी?"

तिनं चपला घातल्या आणि पलीकडं उतरली. ती वेशीत शिरेपर्यंत मी टेकडीवरच उभा होतो.

आता घरी ट्रॅक्टर आहे. पट्टा आला की नातू नांगर वर उचलतो. म्हाताऱ्याचं खूळ म्हणून हसतो, पण उचलतो.

त्या दिवशी टेकडीवरून परतलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आऊत जुंपलं. पट्टा आला. बैल सोडले, पायातलं काढलं, नांगर खांद्यावर घेतला. वडलांना तो कसा पेलत होता कोण जाणे. मधोमध आलो तर बांधापलीकडं सोपान काम थांबवून बघत उभा होता.

"आक्का नीट पोचल्या का?" त्यानं विचारलं.

"पोचली," मी म्हणालो.