पदराखालची बोटं

डोंगरकडा गावच्या शिकवणीच्या बाई शिकवताना एक शब्द बोलत नाहीत. पंखाही बंद ठेवतात. माझ्या लेकीचे कान चांगले आहेत, पण ऐकलेलं डोक्यात गुंतून जातं. शाळेनं तिला मठ्ठ ठरवलं, ते मी विसरलेलो नाही. बैलबाजारात आम्ही उपरण्याखाली बोटं दाबून सौदा करतो, तशी बाई पदराखाली तिची बोटं दाबतात: एक बोट कोण, दुसरं काय, तिसरं काय केलं. मग लेक वाक्य लिहिते.

"पोरगी मुकी करून राहिलात काय?" मी एकदा ओरडलो. बाई नुसत्या हसल्या.

काल शिकवणी बंद करायची मनाशीच ठरवून मी बाईंच्या मागच्या दारात, चाहूल लागू नये म्हणून अनवाणी उभा राहिलो. बाईंचे हात मांडीवर होते, तरी लेकीनं मान न वळवता लिहिलं, 'बाबा मला न्यायला आले आहेत.'

बाई पांढऱ्या पडल्या. "हे म्या शिकवलं न्हाई, भाऊ."